संग बसणारा मेकॅनिक

टीव्हीच्या बॉक्सचं इंटरनेट गेलं की बाबा हिंगणीच्या बापू मेकॅनिकला बोलावतात, घरात मी असूनही. तो वायफाय जोडतो आणि उठतच नाही. मांडी घालून बाबांसोबत टीव्हीवर शंकरपटाच्या शर्यतीतल्या बैलजोड्या पाहतो, चहा बशीत ओतून पितो, आवडती जोडी जिंकली की बाबांच्या पाठीवर थाप मारतो आणि बाबा खळखळून हसतात. माझ्याशी बाबा असे कधी हसलेच नाहीत.

एकदा मी चिडून म्हणालो, "झालं ना चालू?"

तो म्हणाला, "नुसतं चालू करून भागत नाई भाऊ, संग बसून पाहा लागते."

काल मीच बॉक्स जोडून दिला आणि ऑफिसला निघालो. डबा विसरला म्हणून परतलो, तर राउटरची वायर उपटून बाबा फोनवर सांगत होते, "बापू, पुन्हा बंद पडला. येजो."