तीन तास कमी

आमच्या बोथ गावात खोटी सही करता न येणारा माणूस एकच होता, आणि इंटर्नशिपसाठी मला नेमका तोच मिळाला. बाबांचे हे चुलतभाऊ पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देत. एकशे वीस तास काम केल्याचा कागद दिला तरच आदिलाबादचं आमचं कॉलेज क्रेडिट देई, नाहीतर डिग्री अडकायची. मैत्रिणींनी ओळखीपाळखीतून घरबसल्या कागद मिळवले होते. मीही मोठ्या लाडात काकांपुढे फॉर्म धरला, तर म्हणाले, "सही शेवटी असते पोरी. आधी झाडू घे."

दुकानातल्या कॅलेंडरवर ते माझे तास लिहीत, आणि लिहिण्यापेक्षा कापतच जास्त. चहा कापला, आईचा फोन कापला, करंट गेला की तोही वेळ कापला. "काऊन काका, करंट मी घालवला का?" असं मी चिडून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "तू नाई घालवला. पन काम झालं का?" तारेचे वेढे मोजताना एक जरी चुकला तरी अख्खी गुंडाळी उसवायला लावत. उसवण्याचा वेळ मात्र पुरा धरत, कारण "उसवनं बी कामच हाय." फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'उद्योग मार्गदर्शक' असं छापलेलं त्यांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. बाहीला ग्रीस लागलं की रागाने बघायचे माझ्याकडे. मला तर त्यांचा इतका संताप यायचा की घरी आल्यावर जेवण जात नसे.

शेवटचे तीन तास उरले होते तेव्हा काका दुकानातच, बसल्या जागी कलंडले. पोटाचं दुखणं वर्षभराचं होतं म्हणे. दुखतं का, असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

फॉर्म द्यायच्या शेवटच्या दिवशी मी आदिलाबादच्या दवाखान्यात गेले. पिशवीतून कागद काढायची लाज वाटत होती. काकांनीच हात पुढे केला, पेन मागितलं आणि तासांच्या रकान्यात लिहिलं, एकशे वीस.

"काका, तीन तास कमी हायेत."

"लिवलं ना मी."

"तुमी बरे झाल्यावर भरून देईन मी. कापून घ्या ना."

त्यांनी सही केली आणि कूस बदलली. तो आकडा बघूनच मला कळलं, काका आता दुकानात यायचे नाहीत. मला क्रेडिट हवं होतं आणि ते मिळालं होतं, पण जिना उतरताना मला रडू आवरेना.

तेरावं झाल्यावर काकूंनी माझ्यासाठी शटर वर केलं. अर्धी गुंडाळलेली मोटार तशीच पडली होती. मी घड्याळ बघून कामाला बसले. मध्ये वीस मिनिटं करंट गेला, म्हणून वीस मिनिटं उशिरा उठले.