बाथरूममध्ये घसरलेला खांदा

मला फिट येतात हे आमच्या घरात दहा जणांना माहीत आहे आणि अकराव्याला कळू नये म्हणून दहाही जण जिवाचा आटापिटा करतात. यात सगळ्यात हुशार माझे काका. कल्याणच्या मार्केटात त्यांचा धान्याचा गाळा, त्यामुळे जगातला कुठलाही माल कसा खपवायचा ते आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत. त्या वर्षी खपवायचा माल मी होते. ठाण्याचं एक स्थळ ठरत आलं होतं.

त्यात एका सकाळी मला फिट आली. काकूनं नाकाला कांदा लावला, काकांनी मुठीत किल्ल्या कोंबल्या आणि दोघांनी माझे हात जमिनीशी दाबून धरले. अशा वेळी माणसाला दाबून धरू नये, कुशीवर वळवावं, हे मी त्यांना कितीदा सांगितलेलं. पण माझं ऐकायचं म्हणजे आजार आहे हे कबूल करायचं! शुद्धीवर आले तेव्हा उजवा खांदा असा ठणकत होता की रडू आवरेना.

डोंबिवलीतल्या हाडांच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना काकांनी बजावलं, "फिटबिट काही बोलायचं नाही हां. इथला कंपाउंडर आपल्या गावचा आहे. बाथरूममध्ये घसरले म्हण."

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" आणि मी, एम.एस्सी. झालेली, क्लासमध्ये मुलांना सायन्स शिकवणारी बाई, म्हणाले, "घसरले." काकांची मला कीव येते, पण त्या 'घसरले'ची लाज वाटते. डॉक्टरांनी समोरून एक एक्स-रे काढला, हाड मोडलेलं नाही म्हणाले आणि हात झोळीत अडकवून दिला.

पुढचे दोन महिने शहाडच्या एका मालिशवाल्यानं तो खांदा कणकेसारखा मळला. वेणी घालता येईना, फळ्यावर लिहिता येईना. घरच्या सत्यनारायणाला तीर्थासाठी हात पुढे केला, तर तळहात उताणाच होईना. डावा पुढे केला, तशी काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं, उजवा हात! एवढी शिकलीस ना?"

शेवटी मीच हट्टानं ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. आई आणि काका सोबत होतेच, पहाऱ्याला. बाईंनी कोपर अंगाशी धरून हात बाहेर वळवून पाहिला, तो वळला नाही. मग सरळ विचारलं, "फिट येते?"

"छे, छे," आई म्हणाली.

"येते," मी म्हणाले.

त्यांनी बाजूनं एक्स-रे काढून दाखवला. फिटच्या झटक्यात खांदा मागच्या बाजूला निसटला होता, आणि समोरून काढलेल्या फोटोत तो सहज नजरेतून सुटतो. "फिटचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तेव्हाच बसवता आला असता," त्या म्हणाल्या. "आता ऑपरेशन. आणि फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, नाहीतर पुन्हा निसटेल."

काका खुर्चीत पुढे सरकले. वाटलं, आता तरी शरमेनं काही बोलतील.

"डॉक्टर, टाक्यांची खूण ब्लाउजच्या बाहेर दिसेल का हो? लग्न ठरतंय तिचं."

आईसुद्धा त्याच उत्तराची वाट बघत होती. हात पूर्वीसारखा होईल का, हे त्या खोलीत कुणी विचारलंच नाही. मग मीच विचारलं.

"पूर्ण नाही होणार," बाई म्हणाल्या.