द्रोणागिरीची नोकरी

पनवेलच्या एका केंद्रात मी शिवणकाम शिकवते. विकल्या गेलेल्या आणि सुटका होऊन आलेल्या मुली तिथे राहतात. त्यातली एक वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली. ओळखीच्याच एका बाईने तिला काम देते म्हणून नेलं होतं. तिच्या हातात कसब होतं. बाही कशी जोडायची ते दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. पण माझ्याशी ती कामापुरतंच बोलायची आणि दाराकडे तोंड करूनच मशीनवर बसायची.

वर्षभराने बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या एका गोदामात पॅकिंगचं काम निघालं. राहायची सोयही होती. मी तिच्यासकट पाच मुलींना घेऊन जागा बघायला गेले. मॅनेजर भला वाटला, मी तिथेच होकार दिला. ही मात्र पाणी पिऊन येते म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही.

त्यानंतर ती केंद्राच्या गच्चीवर टाकीमागे उभी राहून फोनवर कुजबुजताना दिसू लागली. मी गेले की फोन बंद. कोण होतं विचारलं, तर मैत्रीण, एवढंच. माझ्या मनात पाल चुकचुकली. विकणारी जुनी माणसं मुलींना पुन्हा गाठतात, हे मी पाहिलेलं. एका दुपारी ती आंघोळीला गेली असताना मी तिचा फोन उचलला. एकच नंबर, पुन्हा पुन्हा. मी तो लावला.

पलीकडे एक बाई होती. आधी तिने मी कोण, हेच खोदून खोदून विचारलं. मग सांगितलं की ती त्याच गोदामात कामाला आहे, त्या दिवशी पाणी प्यायला आलेल्या मुलीने तिचा नंबर घेतला होता. मुलींच्या खोल्यांना बाहेरून कुलूप लागतं. आधार कार्डं पहिल्याच दिवशी काढून घेतात, मागितली तर देत नाहीत.

फोन ठेवून वळले तर ती ओल्या केसांनी दारात उभी.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी त्याला हो बोलून आल्या," ती म्हणाली. "मला नेलं ती बाई पन माज्या आईला असंच बोलली होती, जागा चांगली हाय म्हणून. मंग तुमाला कसं सांगू?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि माफी मागितली.

मी नकार कळवला तेव्हा मॅनेजर म्हणाला, कुलूप मुलींच्या सुरक्षेसाठीच आहे. केंद्राने तक्रार केली. पुढे चौकशी झाली, त्या गोदामातल्या बायकांना कार्डं परत मिळाली. आमच्यातल्या दोघी मात्र हातची नोकरी घालवली म्हणून माझ्यावर रुसल्या होत्या.

तिने काम स्वतःच शोधलं, पनवेल गावातल्या एका शिंपीणबाईंच्या दुकानात. होकार देण्याआधी आठवडाभर समोरच्या पायरीवर बसून तिथे कोण येतं, कोण जातं ते बघत होती म्हणे. मला पत्ता दोन महिन्यांनी कळला.

"या बघायला," ती म्हणाली. "पन आदी विचारून या."