भिंतीवरची रेघ

मागच्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर अजून आहे. दोनदा रंग दिला, तरी ओल वर येतेच. नदी पुन्हा चढतेय. दुपारी सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत हलायचंय. सकाळपासून बायको एकेक वस्तू हातात देतेय आणि मी ती माळ्यावर ठेवतोय. तांदळाचा डबा, शिलाई मशीन, शेवटी देव. वस्तूंचं बरं असतं, रेघेच्या वर ठेवल्या की झालं.

तेवढ्यात सहा वर्षांची चिमी भिंतीला पाठ टेकून उभी राहिली.

"बाबा, मी रेघेएवढी झाले?"

रेघ तिच्या डोक्याच्या हातभर वर होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"होशील की," म्हणत मी तिला खांद्यावर घेतलं. मग खाली ठेवायचा धीरच होईना.