बिनआवाजाचा खेळ

आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही. लग्नानंतर बायको पहिल्यांदा घरी आली, तेव्हा स्वयंपाकघरात भांडण पेटलंय असं वाटून ती उंबऱ्यातच थांबली. आत माझी आई वडिलांना विचारत होती, चहा टाकू का.

सोलापूरच्या पूर्व भागात, मागाच्या घरात वाढलेल्या माणसाचा गळा असाच तयार होतो. पुढच्या मोठ्या खोलीत यंत्रमाग, त्यावर टॉवेल. मागच्या खोलीत आम्ही, चूल, देव आणि टीव्ही. मधली भिंत मागांच्या खडखडाटानं सतत थरथरायची आणि तिच्यावरचा आरसा रोज सरळ करावा लागायचा. माग चालू असताना बोलायचं ते ओठांनी आणि बोटांनी. बोट कपाळाला लावलं की व्यापारी आला, अंगठा खाली केला की धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपलं. जेवायला या, हे तर आई नुसत्या भुवयांनी सांगायची. शाळेत मी उत्तर द्यायला उभा राहिलो की गुरुजी म्हणायचे, "अरे, मी समोर उभा आहे, होटगी स्टेशनात नाही."

थोरला भाऊ, आमचा अण्णा, मिसरूड फुटायच्या आत मागावर उभा राहिला. मलाही उभं केलं होतं. पण माझ्या हाताखाली सुताची तार एवढी तुटायची की वडिलांनी दिवाळीच्या आत मला परत शाळेत घातलं. "ह्याला शिकू दे," ते आईला म्हणाले, "टॉवेल तरी वाचतील." आज मी शाळेत लिपिक आहे आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत. दोन्ही गोष्टी निव्वळ नालायकपणाची कमाई.

वडिलांनी हातावर ठेवलेल्या पहिल्या मजुरीतून अण्णानं बाजारातला एक जुना टीव्ही गेम आणला. त्याच्याबरोबर कॅसेट एकच. खजिना शोधत जगभर फिरणाऱ्या बदकांचं एक कार्टून तेव्हा टीव्हीवर लागायचं, त्याच्यावरचा तो खेळ. डोक्यावर उंच टोपी घातलेला एक म्हातारा शेठ बदक. काठी खाली धरून तिच्यावर टणाटणा उड्या मारत तो जंगलात जायचा, खाणीत जायचा, बर्फाच्या डोंगरावर आणि चंद्रावरसुद्धा जायचा. वाटेत हिरे गोळा करायचे. काही हिरे दिसायचेच नाहीत. नेमक्या जागी उडी पडली तरच हवेतून बाहेर यायचे. बर्फात काठी रुतून बसायची, म्हणून तिथं उड्या नाहीत, गुमान चालायचं. हे कुणी सांगितलेलं नव्हतं. अण्णानं बघून बघून शोधलं होतं. माझ्याकडं अडाप्टरची वायर धरून बसायचं काम होतं, कारण ती सैल होती. मी शिंकलो की म्हातारा पहिल्यापासून.

त्या खेळाला आवाज आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं म्हटलं तरी चालेल. माग चालू असताना टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी शेजारच्याला जांभई आल्याइतकाही कळायचा नाही. माग बंद पडायचे ते लाईट गेल्यावर, आणि लाईट गेली की टीव्हीही बंद. एकदा वडील येऊन उभे राहिले, आवाजाचं बटण शून्यावर आणलं आणि म्हणाले, "ऐकू येत न्हाई तर आवाजाला करंट कशाला जाळताय?" तेव्हापासून ते बटण शून्यावरच राहिलं. वडिलांच्या माघारी वाढवायचंही कुणाला सुचलं नाही.

अण्णा खेळायला बसला की त्याची पापणी हलायची नाही. मागावरचा धोटा इकडून तिकडं जातो तो आपल्याला नुसता फराटा दिसतो; अण्णाला तार तुटायच्या आधी कळायचं. खेळातला राक्षस उडी मारणार हे तो त्याच्या खांद्यावरून ओळखायचा आणि त्याच क्षणी अंगठा दाबायचा. मी विचारलं की म्हणायचा, "हालल्याबिगर कोण काय करतंय का? हाललं की दाबायचं."

पुढं लग्नं झाली, आईवडील गेले. टॉवेलांना गिऱ्हाईक कमी झालं तसे माग एकेक करत थांबले आणि शेवटी भंगारात गेले. त्या दिवशी घर इतकं गप्प झालं की मलाच कसंतरी वाटायला लागलं. मी अण्णाला म्हणालो, "किती शांत वाटतंय रे." अण्णा म्हणाला, "व्हय?"

त्या "व्हय"वर मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, आणि अण्णा समोर बघून सगळ्याची बरोबर उत्तरं देतो. मास्कच्या दिवसांत मात्र तो एकदम मुका झाला. कुणी काही विचारलं तर नुसता मान हलवायचा. आम्हाला वाटलं, रोगाला घाबरलाय. सगळ्या गावानं त्याच्यापासून ओठ झाकून घेतलेत, हे शिकलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही.

माग गेल्यावर त्याला एका गोदामावर राखणदाराची नोकरी लागली. खाकी शर्ट, शिट्टी, फाटकाशी खुर्ची. खुर्चीवर तो कधी बसायचा नाही. आयुष्यभर उभ्यानं काम केलेला माणूस, बसून पगार घ्यायची लाज वाटते म्हणायचा. एका दुपारी मागं येणारा टेम्पो त्याच्या पाठीला लागायचा थोडक्यात राहिला. टेम्पो हॉर्न देत होता, हमाल ओरडत होते, अण्णा पाठ करून फाटकाची कडी लावत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, खाली उडी टाकली आणि शिव्या दिल्या. "त्या मात्र मला सगळ्या कळल्या," अण्णा घरी येऊन हसत सांगत होता, "लई स्पष्ट बोलतो गडी."

तो हसला, वहिनी हसल्या नाहीत. वहिनी दारात बसून विड्या वळतात. हातातलं सूप खाली ठेवून त्या माझ्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या.

"भावजी, खरं सांगा. त्यांना ऐकू येतं का?"

"येतं की थोडंफार."

"मी मागनं हाका मारते तर वळत न्हाईत. मला वाटायचं, माज्यावर राग हाय. पंधरा वर्सं मी त्या रागाची समजूत काढतीय."

गोदामाच्या सुपरवायझरनं सांगितलं होतं, कान तपासल्याचा कागद आणा, कागद चांगला असेल तर या. अण्णानं त्यासाठी शर्टाला इस्त्री केली. मी रजा काढली आणि त्याला स्कूटरवर घालून कानाच्या दवाखान्यात नेलं.

तपासणीची खोली कपाटाएवढी, आवाज आत-बाहेर जाऊ नये अशी बांधलेली. तिला एक काच. आत अण्णा, डोक्यावर जाड हेडफोन, हातात बटण. बाहेर यंत्रासमोर एक मुलगी आणि तिच्या शेजारी स्टुलावर मी. "आवाज आला की दाबायचं, काका. कितीही बारीक आला तरी," तिनं दार लावायच्या आधी सांगितलं. अण्णानं तिच्या तोंडाकडं बघत मान हलवली. मग त्यानं अंगठा बटणावर ठेवला, आणि त्या अंगठ्याची ठेवण मला ओळखीची वाटली.

तिनं आवाज सोडला, अण्णानं दाबलं. तिनं आणखी बारीक सोडला, अण्णानं दाबलं. ती आणखी खाली गेली, तरी दाबलं. "मागावर होते म्हणालात ना?" ती म्हणाली. "कान तर पोराचे आहेत." मी स्टुलावर जरा ताठ बसलो. आमच्या घराण्यात कुणाचंतरी काहीतरी चांगलं निघालं, म्हणून मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. वहिनींना जाऊन काय सांगायचं, हेही मी मनात जुळवून ठेवलं: कान ठणठणीत आहेत, राग असेल तर मात्र खरा आहे.

तेवढ्यात त्या मुलीनं केसांतली क्लिप नीट करायला हात वर नेला, आणि अण्णानं बटण दाबलं.

मला हसू फुटलं. "घाई झाली वाटतं काकांना," तीही हसली आणि पुढच्या आवाजाकडं वळली. माझं हसू मात्र तिथंच अडकलं. मी काचेतून नीट बघितलं. अण्णाची नजर तिच्या तोंडावर नव्हती, तिच्या कोपरावर होती. पापणी हलत नव्हती. आवाज सोडताना तिचं कोपर जरासं हललं, अंगठा खाली. कोपर हललं, अंगठा खाली.

काय करावं याचा मी फार वेळ विचार केला असं लिहायला मला आवडलं असतं. तेवढा वेळच नव्हता. ती शेवटच्या आवाजांवर आली होती. त्यानंतर कागद, उद्या खाकी शर्ट, शिट्टी, फाटक आणि फाटकाकडं मागं मागं येणारा टेम्पो. मी तिच्याकडं वाकलो आणि म्हणालो, "मॅडम, त्यांची खुर्ची जरा फिरवता का? आपल्याकडं पाठ करून बसवा."

मी हे अगदी हळू बोललो. इतकं हळू मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर मान वर केली तर अण्णा काचेतून माझ्या ओठांकडं बघत होता. त्याच्यासमोर हळू बोलून काय उपयोग, हे मला तेव्हा कळलं.

ती मुलगी उठायच्या आत अण्णा स्वतःच उठला. हेडफोनची वायर ताणली गेली. त्यानं खुर्ची उचलून फिरवली, भिंतीकडं तोंड केलं आणि बसला. इस्त्रीच्या शर्टाची पाठ आणि डोक्यावर मागं पडलेलं टक्कल, एवढंच आता दिसत होतं. ती मुलगी गोंधळून माझ्याकडं बघत होती. मग तिला समजलं असावं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

ती आवाज सोडत होती, कागदावर काही लिहीत होती, चकती फिरवून आवाज वाढवत होती. अण्णाचा हात मांडीवर होता आणि अंगठा बटणावर, पण अंगठा हलत नव्हता. मधेच त्यानं एकदा दाबलं. तेव्हा तिनं काही वाजवलंच नव्हतं. थोड्या वेळानं परत एकदा, असंच. न दिसणाऱ्या हिऱ्यासाठी तो खेळात अशाच रिकाम्या उड्या मारून बघायचा. ती चकती पार टोकाला गेली, मला बाहेरसुद्धा काहीतरी भुणभुणल्यासारखं वाटलं, तेव्हा कुठं त्याचा खांदा हलला आणि त्यानं बरोबर दाबलं.

डॉक्टर मला समजावून सांगायला लागले. कानाच्या आतल्या नसा गेल्यात, गेलेलं परत येत नाही, यंत्र बसवलं तर थोडाफार फरक पडेल. अण्णा म्हणाला, "माज्याकडं बघून सांगा, डॉक्टर. कान माजे हायेत."

येताना स्कूटरवर मी त्याला सगळं समजावलं. तुझ्या जिवापायी बोललो, वहिनींकडं बघवत नव्हतं, उद्या तो टेम्पो थांबला नसता तर. दवाखान्यापासून गल्लीपर्यंत मी बोलत होतो, डोळ्यांत पाणीही आलं होतं. घरी उतरल्यावर लक्षात आलं, तो मागं बसला होता. मी सगळं रस्त्यालाच सांगितलं होतं.

"आला का कागद?" वहिनींनी विचारलं.

"आला की," अण्णा म्हणाला. "धाकट्यानं आणला."

सुपरवायझर चांगला माणूस. घरी येऊन म्हणाला, आता आराम करा. खाकी शर्ट परत घेऊन गेला. कानातलं यंत्र आणलं, ते अण्णानं आठवडाभर लावलं. त्यात आमचं बोलणं येत नाही, नुसती भांडी आपटल्यासारखी येतात म्हणाला. आता ते देवाच्या फळीवर डबीत आहे. अण्णा वहिनींच्या शेजारी बसून विडीची पानं कापतो. कात्री सरळ चालते त्याची, एक पान वाया जात नाही. "जीव वाचला म्हणायचा," वहिनी मला म्हणाल्या, पण माझ्याकडं न बघता.

अण्णा माझ्याशी भांडला नाही. फक्त मी बोलायला लागलो की तो तोंड फिरवतो. कानानं ऐकणाऱ्याला नको असलेलं बोलणं सोसावं लागतं. अण्णाला नुसती मान वळवावी लागते. मी समोर जाऊन बसलो तर तो पानांकडं बघतो. मी बोलत राहिलो की माझी मलाच शरम वाटते. ज्या घरात कुणी हळू बोलत नाही, त्या घरात मी आता अर्ध्या वाक्यात थांबायला शिकलोय.

गेल्या रविवारी माझी मुलगी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडं गेली. तिला तो जुना खेळ कुठंतरी सापडला होता. अण्णानं कात्री बाजूला ठेवली. ती खेळत होती, तो पडद्यावर बोट ठेवून सांगत होता, "हितं उडी मार. आता चाल. बर्फात उडी न्हाई, रुतशील." त्याला सगळं पाठ होतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून दारात उभा होतो.

म्हातारा चंद्रावर पोचला आणि गाणं सुरू झालं. मी इतकी वर्षं वायर धरून बसलेला माणूस, आणि ते गाणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. उंच, हलकं, लहान मुलानं शीळ घालत घरी यावं तसं. चंद्रावर दुसरं कुणी नसताना ते चाललं होतं.

"काका, याचं म्युझिक एकदम भारी आहे," मुलगी त्याच्याकडं वळून म्हणाली.

अण्णानं तिचे ओठ वाचले. "गानं हाय व्हय ह्याला?"

"मग. तुम्ही कधी ऐकलं नाही?"

"आमच्या टायमाला नव्हतं." मग त्यानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. दवाखान्यानंतर पहिल्यांदा सरळ बघितलं. "कसं हाय ते बापाला इचार तुज्या. त्याचे कान चांगले हायेत."

मी तांब्या खाली ठेवला. सांगायला तोंड उघडलं, शीळ हा शब्द शोधून ओठांवर आणला. तोवर अण्णा पडद्याकडं वळला होता आणि तिला खड्डा कुठं आहे ते दाखवत होता.