दाजींची मोबाईलवरची कवायत

सोलापुरात आजवर जेवढी म्हणून माणसं फोनवर बोलली असतील, त्या सगळ्यांत फोनची अजिबात गरज नसलेला एकच माणूस, तो म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका हायस्कुलात कवायतीचे शिक्षक. शुक्रवार पेठेतल्या आपल्या गच्चीवरून त्यांनी ताईला "चहा टाक" म्हटलं की शेजारच्या घरांतही आधण चढायचं. शिस्तीचं तर विचारू नका. माझ्या लग्नात त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला उंचीप्रमाणे उभं केलं. मी उंच, त्यामुळे माझ्याच लग्नाच्या फोटोत मी शेवटच्या रांगेत आहे आणि बायकोशेजारी तिचा आठवीतला भाऊ.

तर अशा दाजींच्या शाळेनं नववीचा ऑनलाइन वर्ग काढला. ज्या वाड्यावस्त्यांवर शाळा आठवीलाच संपते, तिथल्या मुलांनी घरी बसून शिकावं, अशी कल्पना. गणित झालं, इतिहास झाला, कवायत राहिली. दाजी कडाडले, "अरे, पोहायला कुणी पोस्टानं शिकवतं का?" पण मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "मग संगीताच्या बाई घेतील," आणि दाजी दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे बूट घालून गच्चीवर हजर. मोबाईल पालथ्या घागरीला टेकवून उभा करायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी "सावधान!" म्हटलं आणि खाली गल्लीतला दूधवाला जागच्या जागी ताठ झाला. तेवढ्यात नेट गेलं. दाजी मोबाईल आपटत बसले, आणि बऱ्याच वेळानं खालून केविलवाणा आवाज आला, "सर, आता हलू का?"

मुलांचं पूर्ण शरीर दिसलं पाहिजे हा दाजींचा हट्ट. म्हणून मुलं फोन लांब ठेवायची आणि मग कुणाचे नुसते पाय, कुणाचं छप्पर, तर एका चौकोनात कायम एक शेळी. दाजी चष्म्याशिवाय असले की तिलाही दम द्यायचे, "पाठ सरळ कर! तोंडातलं आधी टाक!"

मग वृक्षासनाचा दिवस उजाडला. एका पायावर उभं राहायचं, हात वर जोडायचे. सगळा वर्ग डुगडुगत होता. फक्त सांगोल्याकडच्या एका वाडीतली मुलगी दगडात कोरल्यासारखी उभी. दाजींनी ताईला पोळ्या तशाच टाकायला लावून वर बोलावलं. "बघ, बघ! पापणीसुद्धा लवत नाही पोरीची!" मी म्हणालो, "दाजी, नेट..." "गप रे! एकाग्रता मोडेल तिची!" थोड्या वेळानं तिचा चौकोनच नाहीसा झाला, तेव्हा दाजी भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "नम्र पण आहे. कौतुक ऐकायला थांबली नाही." आणि त्याच दुपारी त्यांनी जिल्ह्याच्या योगासन स्पर्धेसाठी तिचं नाव देऊन टाकलं. जिल्ह्यात अशी मुलगी नाही, असं मोठ्या बाईंना छातीठोक सांगितलंही.

स्पर्धेच्या रविवारी आम्ही एसटी स्टँडवर गेलो. मुलगी वडिलांबरोबर उतरली. वडील मेंढ्या सांभाळणारे, फारसे न बोलणारे. तिनं दाजींना वाकून नमस्कार केला आणि लगेच म्हणाली, "सर, एक सांगू? त्या दिशी म्या लगीच पडले हुते. फोन तसाच अडकला."

दाजींच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मग आलीस कशाला गं?"

"शाळा बघायची हुती, सर. स्पर्धेबिगर आबांनी आनलं नसतं. आन् तुमी खरंच हाय का न्हाय, त्ये बी बघायचं हुतं की."

आता माघार घेतील ते दाजी कसले! स्पर्धेत तिची पाळी आली तेव्हा "माझ्याकडं बघ, म्हणजे तोल जाणार नाही," म्हणत ते तिच्यासमोर, परीक्षकांच्या मागं, स्वतः एका पायावर उभे राहिले. ती खरोखर स्थिर झाली. दाजींना इतका आनंद झाला की ते परीक्षकांच्या टेबलावर, चहाच्या ट्रेसकट कोसळले. ती खो खो हसली आणि पडली. नंबर आला तो शेवटून.

नंतर दाजींनी शिपायाकडून किल्ली आणून तिला शाळा दाखवली. ती नववीच्या वर्गातल्या प्रत्येक बाकावर थोडं थोडं बसून आली. दाजींनी फाटकाशी उभ्या वडिलांना गाठलं. "हिला वसतिगृहात ठेवा. मी लक्ष ठेवीन."

"एकलीच हाय वो आमाला," वडील म्हणाले. "मोबाईल नसता तर आठवीलाच घरी बसली असती. त्यात शिकतीय, लई झालं की."

खोटं काय होतं त्यात?

मुलगी मैदानाच्या कडेला उभी होती. एवढी सपाट, मोकळी जमीन आणि आखलेल्या पांढऱ्या रेघा बघून तिनं विचारलं, "पळू का, सर?" दाजींनी मान हलवली. ती चपला काढून पळत सुटली, एकटीच, सगळ्या मैदानाला वळसा घालून. वडीलही बघत राहिले.

मी घड्याळ बघून म्हणालो, "दाजी, एसटीची वेळ झाली."

"पळू दे रे," दाजी म्हणाले. "मागनं दुसरी असते की."