वासण्याचा प्लॉट

वडील बडोद्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचे. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. त्यांच्याकडून आम्हाला मान मिळाला, जमीन नाही. ती घेतली वडिलांनी, शिक्षकांच्या सोसायटीतून, शहराबाहेर वासण्याला. तेव्हा तिकडे एरंडीची शेतं होती. रविवारी आई रिकाम्या प्लॉटवर उभी राहून ओटा कुठे येईल ते दाखवायची. पण पगारातून बांधकाम होणं अशक्य होतं.

मी कॉलेजात होतो तेव्हा शेअर्सचं वारं आलं. वाघोडियाला रसायनांचा कारखाना काढणाऱ्या एका नव्या कंपनीवर स्टाफरूममध्ये सगळ्यांचा भरवसा होता. प्लॉट विकून पैसे त्यात घालायचे, दुप्पट झाले की दुसरा घेऊन बांधायचा, असं वडिलांनी ठरवलं. आमच्या शेजारच्या गुजराती काकांचं अलकापुरीत कापडाचं दुकान होतं. ते म्हणाले, "साहेब, जमीन ना वेचशो," म्हणजे विकू नका. वडील ऐकेनात, तेव्हा त्यांनीच तो प्लॉट घेतला, पूर्ण बाजारभावाने.

शेअर्सचा भाव आधी चढला. वडिलांनी पेढे आणले. मग तो उतरत गेला आणि शेवटी शेअर्सना गिऱ्हाईकच उरलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी वडिलांनी मला स्कूटरवर बसवून वाघोडियाला नेलं. तिथे एक फाटक होतं आणि अर्धवट भिंत. आत म्हशी चरत होत्या. वडील बराच वेळ पाहत राहिले. मग मला तहान लागली का, असं त्यांनी विचारलं.

आई भांडली नाही. फक्त वासण्याच्या बाजूला जायचं तिने सोडलं.

काकांनी त्या प्लॉटवर काहीच केलं नाही. दुकान चालत होतं, घाई नव्हती. शेजारचे दोन प्लॉट त्यांनी सवडीने घेतले. काही वर्षांनी ते आमचा शेजार सोडून गेले, आणि पुढे त्यांच्या मुलाने तिथे फ्लॅट्सची इमारत उभी केली.

माझं लग्न झाल्यावर आम्ही त्याच इमारतीत फ्लॅट पाहायला गेलो, तेव्हा वडील सोबत आले. त्या मुलाने त्यांना चटकन ओळखलं, वाकून नमस्कार केला, नाश्ता मागवला. "सरांकडून मी नफा घेणार नाही," असं म्हणून त्याने आपणहून किंमत उतरवली. तरीही आम्हा दोघांच्या पगारावर बँक तेवढं कर्ज देईना.

परत येताना रिक्षात वडील म्हणाले, "त्याने मला ओळखलं नसतं तर बरं झालं असतं."

आम्हाला कोणी फसवलं असतं, तर निदान शिव्या देता आल्या असत्या. काका सरळ होते, त्यांचा मुलगाही सरळ होता. त्यांना थांबणं परवडत होतं, आम्हाला नाही, एवढाच फरक.

वडील भाड्याच्या घरातच वारले. आम्ही अजून तिथेच आहोत. घरमालकाला आता तिथे कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. दिवाळीनंतर घर रिकामं करा, असं त्याने नम्रपणे सांगितलंय. मुलीने विचारलं, कुठे जायचं? बायको भांडी घासत राहिली.